ब्लेड सर्व्हर घ्यावा का? मराठवाड्यातल्या उद्योग, बँका आणि संस्थांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड इथल्या कंपन्या, नागरी बँका, साखर कारखाने आणि रुग्णालयांच्या संगणक विभागांकडून ब्लेड सर्व्हरबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. विक्रेत्याचं माहितीपत्रक प्रोसेसरपासून सुरू होतं. आपल्या भागात हा व्यवहार फायद्याचा ठरतो की तोट्याचा, हे वीज, उन्हाळा आणि सुटा भाग किती वेळात पोहोचतो यावर ठरतं. म्हणून जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

ब्लेड सर्व्हर नेमका असतो कसा?

नेहमीच्या रॅक सर्व्हरमध्ये प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पॉवर सप्लाय, पंखे, नेटवर्क कार्ड असं सगळं एकाच डब्यात असतं. ब्लेडमध्ये फक्त प्रोसेसर, मेमरी आणि मोजक्या डिस्क असतात. वीज, पंखे, नेटवर्क स्विच आणि देखरेखीचं मॉड्यूल हे सगळं चॅसीत, म्हणजे ब्लेड ज्यात सरकवतात त्या सामाईक पेटीत असतं आणि त्यातली सगळी ब्लेड ते वाटून वापरतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं वेगळी असली तरी आड आणि अंगण एकच असायचं, तसंच हे.

आकार सांगायचा तर रॅकची उंची ‘यू’मध्ये मोजतात आणि १ यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. डेलची एमएक्स७००० ही चॅसी ७ यूची, तिच्यात ८ ब्लेड बसतात. एचपीईची सिनर्जी फ्रेम १० यूची, तिच्यात अर्ध्या उंचीची १२. सिस्कोची यूसीएस ५१०८ ही ६ यूची, तिच्यात ८.

हे तंत्रज्ञान नवीन आहे का?

नाही. अमेरिकेत टेक्सासच्या आरएलएक्स कंपनीने २००१ मध्ये ३ यूच्या चॅसीत २४ ब्लेड बसवून दाखवली, तिथून याची सुरुवात झाली. २००५ मध्ये एचपीने ती कंपनी विकत घेतली आणि २००६ मध्ये सी७००० ही १६ ब्लेडची चॅसी आणली. ती आजही अनेक ठिकाणी चालू आहे. तेव्हा ‘नवं आहे, जपून घ्यावं’ किंवा ‘नवं आहे म्हणून घ्यावंच’, ही दोन्ही कारणं इथं लागू होत नाहीत.

आमच्याकडे पाच-सहा सर्व्हर आहेत. ब्लेड परवडेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि विक्रेता कितीही सवलत देत असला तरी आधी हेच ऐकून घ्या. चॅसी, तिचे पॉवर सप्लाय, स्विच आणि देखरेखीचं मॉड्यूल यांचा खर्च पहिलं ब्लेड बसवायच्या आधीच होतो. तो आठ-दहा ब्लेडवर वाटला गेला तर प्रत्येक सर्व्हरमागचा खर्च रॅक सर्व्हरच्या जवळ येतो. तीन ब्लेडसाठी आख्खी चॅसी घेतली, तर तुम्ही न वापरलेल्या खाचांचेच पैसे भरता.

आणखी एक गोष्ट बघा. आजच्या दोन प्रोसेसरच्या एका सर्व्हरवर पूर्वीच्या आठ-दहा सर्व्हरचं काम आभासी मशीन (सॉफ्टवेअरने एकाच यंत्रात बनवलेले वेगवेगळे सर्व्हर) करून आरामात बसतं. मध्यम आकाराच्या नागरी बँकेचं किंवा दोनशे खाटांच्या रुग्णालयाचं काम बऱ्याचदा २ यूच्या तीन सर्व्हरवर भागतं. स्थानिक डिस्क एकत्र जोडून सामाईक स्टोरेज करणारी तीन नोडची हायपरकन्व्हर्ज्ड रचनाही अशा ठिकाणी चांगली बसते.

माझ्या मते आज किमान आठ भौतिक सर्व्हर खरोखर लागत असतील आणि तीन वर्षांत ते बारा-सोळा होणार असतील, तरच ब्लेडचा विचार करावा. वाळूज-शेंद्र्यातले मोठे वाहन-सुटे भाग उत्पादक, अनेक शाखांची बँक, विद्यापीठाचं सामाईक संगणक केंद्र, बाहेरच्या ग्राहकांना सर्व्हर भाड्याने देणारा व्यवसाय, यांचं गणित जुळू शकतं. त्यांना केबलांचा पसारा कमी होणं, पाच मिनिटांत ब्लेड बदलता येणं आणि सगळे सर्व्हर एकाच पडद्यावरून सांभाळता येणं, हे फायदे खरोखर मिळतात.

वीज किती लागेल? बिलात किती फरक पडेल?

हे कागदावर मांडूनच बघा. समजा, ८ ब्लेड आहेत आणि प्रत्येक सरासरी ५०० वॉट घेतं. ते झाले ४ किलोवॉट. पंखे आणि स्विचचा १ किलोवॉट धरला तर ५ झाले. खोली थंड ठेवायला आणि यूपीएसमध्ये जी वीज जाते ती मिळवली, तर छोट्या सर्व्हर रूममध्ये एकूण वापर यंत्रांच्या वापराच्या १.८ पट सहज होतो. म्हणजे ९ किलोवॉट, रात्रंदिवस. वर्षाचे ७८,८४० युनिट झाले. युनिटला १० रुपये धरले, तर ७ लाख ८८ हजार रुपये. तुमच्या बिलावरचा खरा दर घालून हाच हिशोब पुन्हा करा, आणि पाच वर्षांचा आकडा चॅसीच्या किमतीशेजारी लिहा. संचालक मंडळासमोर हा कागद ठेवलाच पाहिजे.

पूर्ण भार आल्यावर ब्लेड ८०० वॉटपर्यंत जाऊ शकतं. मग चॅसीच ७.४ किलोवॉट घेते, म्हणजे सिंगल फेजवर ३२ अँपिअर. त्यामुळे थ्री फेज जोडणी हवी, आणि मंजूर भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे खरेदीच्या आधी करा. यंत्र येऊन खोक्यात पडून आहे आणि भार मंजूर व्हायचाय, ही वेळ येऊ देऊ नका. चॅसीच्या पॉवर सप्लायना १६ अँपिअरच्या वायरी लागतात. भिंतीवरचं साधं सॉकेट त्यासाठी नाही, औद्योगिक सॉकेट आणि पीडीयू (रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणारी पट्टी) घ्या.

आमच्या फिडरवर लाईट सारखी जाते, व्होल्टेज वरखाली होतं. ब्लेड टिकेल का?

ब्लेड टिकेल, फक्त त्याच्यापर्यंत जाणारी वीज नीट हवी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या इंडक्शन भट्ट्या चालतात. अशा भट्ट्यांमुळे विजेच्या लहरीत विकृती येते आणि व्होल्टेज लवलवतं. त्याच फिडरवर तुमची सर्व्हर रूम असेल तर स्टॅबिलायझरने भागत नाही. ऑनलाइन डबल कन्व्हर्जन यूपीएसच हवा. त्यात येणारी वीज आधी डीसी होते आणि मग नव्याने एसी होऊन बाहेर पडते, त्यामुळे सर्व्हरला बाहेरची लहर दिसतच नाही.

यूपीएस दोन घ्या. चॅसीत सहा पॉवर सप्लाय असतील तर तीन एका यूपीएसवर, तीन दुसऱ्यावर, आणि सेटिंगमध्ये ‘ग्रिड रिडंडन्सी’ निवडा. एक बाजू पूर्ण गेली तरी उरलेले तीन सगळा भार उचलतात. पण त्यासाठी प्रत्येक यूपीएसवर नेहमी निम्म्याहून कमी भार असला पाहिजे. दोन्ही यूपीएस सत्तर-सत्तर टक्क्यांवर चालत असतील, तर एक गेल्यावर दुसराही जाणारच. चॅसी, स्टोरेज आणि स्विच मिळून ९ किलोवॉटचा भार असेल, तर १० केव्हीएचा यूपीएस काठावरचा आहे. १५ केव्हीएचे दोन घ्या.

बॅटरीकडे लोक बघत नाहीत. साध्या सीलबंद लेड अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं, आणि तापमान त्याहून ८ ते १० अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्मं होतं. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या जिन्याखाली किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवल्या, तर पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत संपते. बॅटरीच्या खोलीलाही एसी हवा.

जनरेटरला आपोआप सुरू होणारं पॅनल लावा. एसी यूपीएसवर नसतात, आणि लाईट आल्यावरही कॉम्प्रेसर सुरू व्हायला काही मिनिटं जातात. तेवढ्या वेळात ब्लेडचा रॅक छोटी खोली भराभर तापवतो. वॉचमनने जाऊन जनरेटर हाताने सुरू करायचा, ही पद्धत ब्लेडसोबत चालणार नाही.

घरगुती स्प्लिट एसी लावला तर चालेल का?

दोन रॅक सर्व्हर असतील तर लोक चालवतात. ब्लेडला तो पुरत नाही.

आधी टनाचा हिशोब करू. १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट उष्णता. ७.४ किलोवॉटच्या चॅसीला २.१ टन लागतात. त्यात यूपीएस खोलीतच असेल तर त्याची उष्णता, भिंती-छतातून येणारी, माणसांची, अशी बेरीज करत गेलं की तीन टनांच्या आसपास पोहोचतो. मग दुकानदार दीड टनाचे दोन एसी सुचवतो. इथं तीन अडचणी येतात. घरगुती एसीचं रेटिंग बाहेर ३५ अंश धरून दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश होतात, आणि गच्चीवरच्या सिमेंटजवळ त्याहूनही जास्त. तेव्हा त्याची क्षमता घटते, नेमकी हवी असते त्याच दिवसांत. दुसरं म्हणजे हा एसी माणसांसाठी बनलेला आहे. त्याची बरीच ताकद हवेतला ओलावा काढण्यात जाते. सर्व्हर घाम सोडत नाही, त्याची सगळी उष्णता कोरडी असते. सर्व्हर रूमसाठी बनवलेला प्रिसिजन एसी नव्वद टक्क्यांहून जास्त ताकद हवा थंड करण्यावर लावतो. तिसरी अडचण अशी की दोनमधला एक बंद पडला, की उरलेल्या एकावर खोली थंड राहत नाही. म्हणून गरजेपेक्षा एक एसी जास्त ठेवायचा, हा नियम मोडू नका.

सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी अॅश्रे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या संस्थेची शिफारस आहे. खोली १६ अंशांवर गोठवायची गरज नाही. २४ अंशांवर ठेवलं तरी यंत्र सुखात असतं आणि बिल वाचतं. थर्मामीटर मात्र भिंतीवर लावू नका. तो रॅकच्या समोरच्या बाजूला, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात लावा, कारण गरम हवा रॅकवरून पुढे वळते ती तिथेच.

रिकाम्या खाचांवर झाकणं बसवलीच पाहिजेत. सहा ब्लेड घेऊन दोन खाचा उघड्या ठेवल्या, तर थंड हवा तिथूनच पळते आणि पंखे विनाकारण जोरात फिरत राहतात.

पाण्यावर चालणारं कूलिंग स्वस्त पडतं म्हणतात. लावावं का?

मराठवाड्यात नको. बाष्पीभवनावर चालणाऱ्या यंत्रणेला रोज पाणी लागतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलेलं आपण पाहिलं आहे. जिथं माणसांना टँकरची वाट बघावी लागते, तिथं सर्व्हरसाठी पाणी मागणं बरोबर नाही आणि ते भरवशाचंही नाही. हवेवर थंड होणारी यंत्रणा घ्या. वीज थोडी जास्त लागेल, तो खर्च मान्य करा.

अर्थिंग तर इमारतीला आहेच, वेगळं करायचं का?

करायचं. आणि मोजमाप मे महिन्यात करायचं. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थिंगचे आकडे छान येतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. खाली खडक लागत असेल तर अडचण आणखी वाढते. ठेकेदार ऑगस्टमध्ये मोजून प्रमाणपत्र देतो, त्यावर थांबू नका. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज २ व्होल्टच्या आत असावं, अशी अट बहुतेक विक्रेते घालतात. ते जास्त निघालं तर वॉरंटीवरून वाद होतो.

पहिल्या मजल्यावर जुनी रेकॉर्ड रूम आहे. तिथं रॅक ठेवला तर?

स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. १० यूची पूर्ण भरलेली चॅसी दोनशे किलोच्या पुढेही जाते. एका ४२ यूच्या रॅकमध्ये अशा तीन चॅसी आणि रॅकचं स्वतःचं वजन धरलं, तर सातशे किलोच्या पुढे जातं, आणि हा सगळा भार ६०० बाय १२०० मिलिमीटर जागेवर येतो. साध्या राहत्या इमारतीचा मजला चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशोबाने आखलेला असतो. शक्य असेल तर तळमजला घ्या, जोतं उंच असलेला, आणि वरून पाण्याची पाइपलाइन किंवा संडास जात नसलेला.

रॅक जमिनीला बोल्टने आवळायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं हे लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको. पण याच जिल्ह्यांतले अनेक रॅक आजही नुसत्या चाकांवर उभे असतात. हे काम खर्चाचं नाही, एका दुपारीत होतं.

चॅसी चढवताना सगळी ब्लेड आणि पॉवर सप्लाय आधी बाहेर काढा. जुन्या ८०० मिलिमीटर खोलीच्या रॅकमध्ये ती बसणार नाही, हेही आधीच मोजून घ्या.

आमच्याकडे जिनिंगची रुई उडते, कारखान्यात बगॅस असतो. त्याचं काय?

ब्लेडचे पंखे जोरात हवा ओढतात, त्यामुळे धूळही तेवढीच ओढली जाते. खिडक्या कायमच्या बंद करा, दाराला रबर लावा, आत येणारी हवा फिल्टरमधून आणून खोलीत थोडा जास्त दाब ठेवा. हंगामात फिल्टर दर आठवड्याला बघा. उन्हाळ्यात हवा फार कोरडी होते आणि अंगावर स्थिर वीज साठते, तेव्हा ब्लेड हाताळताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचाच.

सगळी अंडी एकाच टोपलीत झाली ना? चॅसीच बंद पडली तर?

ही भीती रास्त आहे. पॉवर सप्लाय, पंखे, स्विच, देखरेखीचं मॉड्यूल हे सगळं जोडीने असतं आणि चालू यंत्रात बदलता येतं. जुन्या चॅसींमध्ये ब्लेड आणि मागचे भाग जोडणारा मधला बोर्ड एकच असायचा. त्यावर फारसे सक्रिय भाग नसल्याने तो क्वचितच बिघडतो, पण बिघडला तर सगळी ब्लेड खाली येतात. एमएक्स७००० आणि सिस्कोच्या एक्स९५०८ मध्ये असा मधला बोर्ड नाही, ब्लेड थेट मागच्या मॉड्यूलला जोडली जातात.

तरीही एक चॅसी म्हणजे एकच जागा. खर्च झेपत असेल तर आठ ब्लेड दोन चॅसींत चार-चार अशी वाटा. झेपत नसेल तर ज्या दोन-तीन सेवा क्षणभरही थांबता कामा नयेत, त्यांची एक प्रत चॅसीबाहेरच्या साध्या रॅक सर्व्हरवर ठेवा. आणि बॅकअप चॅसीत नको, त्याच खोलीतही नको.

डेटा कुठं ठेवायचा? ब्लेडमध्ये तर मोजक्याच डिस्क बसतात.

वेगळं सामाईक स्टोरेज लागतं, आणि कोटेशनमध्ये हीच ओळ अनेकदा मागे राहते. त्यासोबत फायबर चॅनेल (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) किंवा २५ गिगाबिटचे स्विच, केबल आणि चॅसीतलं त्याला जुळणारं मॉड्यूल येतं. तुलना करताना ब्लेड अधिक स्टोरेज अधिक स्विच, अशी पूर्ण बेरीज मागा.

सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर परिणाम होतो का?

मोठा. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एककांवर) मोजलं जातं, एका सर्व्हरला किमान १६ कोअर. आभासी मशीन ज्या ज्या ब्लेडवर सरकू शकतं, त्या प्रत्येकाचं लायसन्स लागतं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये आभासी मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर घेतल्यापासून कायमस्वरूपी लायसन्स बंद होऊन वर्गणी आली आहे, तीही कोअरवर, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. ३२ कोअरचे दोन प्रोसेसर असलेली आठ ब्लेड म्हणजे ५१२ कोअर. यंत्राच्या किमतीवर घासाघीस करण्याआधी हा आकडा काढा. त्याऐवजी हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स हे पर्याय तुमच्या लोकांना झेपतात का, तेही आधी एका जुन्या सर्व्हरवर करून बघा.

विक्रेता चार तासांत दुरुस्तीचं वचन देतो. विश्वास ठेवावा का?

तुमच्या पिनकोडसाठी ते लेखी मागा. छत्रपती संभाजीनगरला मिळणारी सेवा हिंगोली, बीड किंवा उदगीरला मिळेलच असं नाही. सुटा भाग कुठल्या गोदामातून निघणार आणि रविवारी निघणार का, हे विचारा. पुणे ते नांदेड रस्ता जवळपास साडेचारशे किलोमीटरचा आहे, भाग तिकडून येणार असेल तर ‘चार तास’ हे कागदावरच राहतात. अशा ठिकाणी एक ब्लेड, एक पॉवर सप्लाय आणि एक पंखा आपल्याच कपाटात ठेवावा. सगळ्या ब्लेडचं मॉडेल एकच ठेवलं, तर हा साठा छोटा राहतो.

वापरलेली सी७००० चॅसी अगदी स्वस्तात मिळतेय. घ्यावी?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी अवश्य घ्या. मुलांना चॅसी, आभासी नेटवर्क, सामाईक स्टोरेज हे सगळं हाताने शिकता येतं, आणि हे ज्ञान आपल्या भागात हवंच आहे. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या चालू कामासाठी मात्र नको. तिच्यासाठीची ब्लेड जेन१० पिढीवर थांबली. जुने प्रोसेसर नव्या प्रणालींमध्ये चालत नाहीत, आणि वीज इतकी खातात की किमतीत वाचलेले पैसे बिलातून जातात.

एआयसाठी ब्लेड उपयोगी पडेल का?

फारसं नाही. एनव्हिडियाच्या एच१०० सारखं एक मोठं जीपीयू (एआयची गणितं करणारी चिप) एकटंच ७०० वॉटपर्यंत घेतं. अरुंद ब्लेडमध्ये तेवढी वीज आणि तेवढी हवा मिळत नाही. त्यासाठी वेगळे जीपीयू सर्व्हर असतात.

सरकारी नियमांचं काय पाहावं लागेल?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (यंत्रांत आपोआप होणाऱ्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. यात चॅसीच्या देखरेख मॉड्यूलचे लॉगही येतात, ते मध्यवर्ती लॉग सर्व्हरकडे वळवा आणि सगळ्यांची घड्याळं एकाच स्रोताशी जुळवा. त्या मॉड्यूलचं नेटवर्क पूर्ण वेगळं ठेवा, ते इंटरनेटवर कधीही उघडं नको. ज्याच्या हाती हा पासवर्ड, त्याच्या हाती सगळी ब्लेड. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

फर्मवेअर अपडेट कधी करावं?

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतलंच सॉफ्टवेअर. चॅसी, ब्लेड, स्विच यांच्या त्याच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात, म्हणून कंपनीचा जुळणी तक्ता बघूनच आणि ठरलेल्या क्रमानेच. वर्षातून दोनदा वेळ राखून ठेवा. साखर कारखान्याने गळीत हंगाम संपल्यावर करावं, बँकेने मार्चअखेरच्या धांदलीपासून दूर. एका वेळी एकच ब्लेड रिकामं करून अपडेट केलं, तर सेवा थांबत नाही.

आयुष्य संपल्यावर जुन्या ब्लेडचं काय करायचं?

भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेलं पाहिजे. त्याआधी डिस्कच नाही, तर ब्लेडच्या बोर्डवरची बूटसाठीची छोटी एम.२ ड्राइव्ह आणि मेमरी कार्डही काढून पुसा किंवा नष्ट करा, कारण ती बाहेरून दिसत नाहीत आणि बहुतेक वेळा तीच आत राहून जातात. प्रत्येकाचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि केंद्राकडून त्याच अनुक्रमांकांची पावती घ्या.